मोजक्या चिप्स, मोजके निर्णय : नो-लिमिट होल्डेममधील ‘शॉर्ट स्टॅक’

न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर मोफत मुदतीत हलवला नाही, तर त्यावर दिवसागणिक भाडे चढू लागते आणि दिवस उलटतील तसा भाड्याचा दरही वाढत जातो. आतला माल कितीही चांगला असो, तो नुसता पडून राहिला तर आयातदाराच्या नफ्यातून रोज काही ना काही कापले जाते. बंदरावर काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात थोड्या चिप्स घेऊन बसलेल्या खेळाडूची अवस्था बरीचशी अशीच असते. चांगल्या पानांची वाट पाहत तो बसून राहिला, तर सक्तीच्या बोलीपायी त्याची पुंजी झिजत जाते. उतावीळ होऊन भलत्याच पानांवर सारे लावले, तर एका डावात खेळ आटोपतो. या दोहोंमधून वाट काढण्याच्या पद्धतीला पोकरच्या परिभाषेत ‘शॉर्ट स्टॅक’चा खेळ म्हणतात. नवख्या खेळाडूने तेथूनच सुरुवात करावी, असे सांगणारे जाणकार आहेत. त्यांचे म्हणणे बव्हंशी खरे असले, तरी त्याला काही मर्यादा आहेत आणि त्या पत्त्यांच्या गणितापेक्षा करांच्या गणितातून अधिक येतात.

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्यांना होल्डेमचा सांगाडा समजणे कठीण नाही. तीन पत्तीत प्रत्येक जण ‘बूट’ भरतो. येथे मात्र प्रत्येक डावात दोघांनाच सक्तीची रक्कम भरावी लागते. पहिली ‘स्मॉल ब्लाइंड’, दुसरी तिच्या साधारण दुप्पट असलेली ‘बिग ब्लाइंड’. ही पाळी डावागणिक एकेक जागा पुढे सरकते. प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात. पहिल्या बोलीनंतर टेबलावर तीन पाने उघडली जातात, ती ‘फ्लॉप’. मग चौथे पान ‘टर्न’ आणि पाचवे ‘रिव्हर’. ही पाच पाने सर्वांची सामाईक. हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सातांतून उत्तम पाच पाने निवडायची. ‘नो-लिमिट’ याचा अर्थ एवढाच, की आपली पाळी आली असता खेळाडू समोरच्या साऱ्या चिप्स एकदम लावू शकतो. यालाच ‘ऑल-इन’ म्हणतात.

समोरची पुंजी रुपयांत न मोजता बिग ब्लाइंडच्या पटीत मोजण्याची सवय नवख्याने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. १०० आणि २०० रुपयांच्या ब्लाइंडच्या टेबलावर २०,००० रुपये म्हणजे शंभर बिग ब्लाइंड. ही भरलेली पुंजी. त्याच टेबलावर ४,००० रुपये म्हणजे वीस बिग ब्लाइंड, ही तोकडी. वीस ते तीस बिग ब्लाइंडच्या खाली खेळाची जातच बदलते, आणि दहाच्या खाली ती पुन्हा एकदा बदलते.

थोड्या पुंजीचा फायदा कोणता?

अमेरिकेतील पोकरविषयक लेखक एड मिलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गेटिंग स्टार्टेड इन होल्डेम’ या पुस्तकात नवख्यांना नो-लिमिटची ओळख करून देताना थोड्या चिप्सनी बसण्याचा सल्ला दिला होता. त्यामागचे कारण उदाहरणाने स्पष्ट होते. वीस बिग ब्लाइंडचा खेळाडू ४,००० रुपये घेऊन बसला आहे. हाती एक्का-राजा आल्यावर तो बोली ६०० पर्यंत वाढवतो आणि बिग ब्लाइंडवरचा खेळाडू तेवढी भरून डावात राहतो. स्मॉल ब्लाइंडचे शंभर धरून पॉट झाला १,३०० चा. खेळाडूपाशी उरले ३,४००. फ्लॉपवर एक्का उघडला. त्याने ८०० लावले, समोरच्याने भरले, पॉट २,९०० झाला आणि जवळ उरले २,६००. पुढच्या पानावर ते सारे लावून मोकळे व्हायचे. दोन बोलींत प्रश्न संपला.

हाच डाव २०,००० घेऊन बसलेल्याने खेळला, तर त्याच १,३०० च्या पॉटमागे त्याच्याजवळ १९,४०० उरलेले असतात. फ्लॉप, टर्न आणि रिव्हर या तिन्ही ठिकाणी समोरचा मुरलेला खेळाडू त्याला पेचात टाकू शकतो, आणि केवळ एका एक्क्याच्या जोडीवर वीस हजार लावावेत काय, या प्रश्नाचे उत्तर नवख्याजवळ नसते. अनुभवी खेळाडूचे खरे उत्पन्न याच पेचातून येते. पुंजी थोडी असली की त्याचे हे हत्यार बोथट होते.

दुसरा फायदा नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ऑल-इन गेलेल्या खेळाडूला उरलेल्या डावात काहीच भरावे लागत नाही. तो जेवढे लावतो तेवढ्याच्या मुख्य पॉटवर त्याचा हक्क शाबूत राहतो. त्याच्यापेक्षा अधिक चिप्स असलेले इतर दोघे डावात असतील, तर ते वेगळ्या पॉटसाठी आपसात झुंजतात. त्या झुंजीत एकाने दुसऱ्याच्या दडपणाखाली पाने टाकली, आणि ती पाने ऑल-इन खेळाडूच्या पानांहून सरस असली, तर फुकटचा लाभ ऑल-इन खेळाडूचा. मोठ्या पुंजीचे खेळाडू अशा ‘वीस ब्लाइंडवाल्यां’वर वैतागतात, ते याचमुळे. ऑनलाइन पोकरच्या भरभराटीच्या काळात ही तक्रार इतकी वाढली, की २०१० च्या सुमारास बड्या परदेशी संकेतस्थळांनी किमान प्रवेश रकमेचे नियम बदलले.

पाने निवडताना

थोड्या पुंजीच्या खेळात हातातल्या पानांची किंमतच बदलते. लहान जोडी घ्या. चौक्यांची जोडी हाती असताना फ्लॉपवर तिसरी चौकी येण्याची शक्यता साडेआठांत एक आहे. तीन बिग ब्लाइंड भरून फ्लॉप पाहायचा आणि आठांत सात वेळा पाने टाकून द्यायची, हा व्यवहार समोर शंभर बिग ब्लाइंड मिळण्यासारखे असतील तर परवडतो. मागे जेमतेम सतरा उरणार असतील, तर नाही. एकाच रंगाची सलग पाने, उदाहरणार्थ बदाम सत्ती-अठ्ठी, हीदेखील अशीच खर्चिक ठरतात. उलट एक्का-राजा, एक्का-राणी, मोठ्या जोड्या ही पाने एका जोडीवरही डाव जिंकून देतात. थोड्या पुंजीवाल्याला तीच हवीत.

पण केवळ तीच धरून बसलो तर? दोन पानांच्या एकूण १,३२६ जोडण्या संभवतात. दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पाच जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी एवढीच पाने खेळायची ठरवली, तर त्यांतल्या ६२ जोडण्या हाती लागतात. म्हणजे सुमारे एकवीस डावांत एकदा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण पंचवीस-तीस डाव होतात. नऊ जणांच्या टेबलावर प्रत्येक फेरीला दीड बिग ब्लाइंड जातो, तेव्हा एकवीस डावांत साडेतीन बिग ब्लाइंड गेले. वीसांतून साडेतीन! कंटेनरचे भाडे म्हटले ते हेच.

म्हणून जागेचा विचार करावा लागतो. आपल्यामागून बोलणारे सात-आठ जण असतील, तर वर सांगितलेल्या पानांखेरीज बाकी सारी टाकावीत. डीलरचे ‘बटन’ आपल्यापुढे असेल आणि मागे केवळ दोन ब्लाइंडवाले उरले असतील, तर पंजीपासूनच्या जोड्या, एक्का-दश्शी, राजा-राणी, राजा-गुलाम इथपर्यंत खाली उतरायला हरकत नाही. कोणीच बोली वाढवलेली नसेल तर तीन बिग ब्लाइंडपर्यंत वाढवावी. नुसती बिग ब्लाइंड भरून आत शिरलेले जितके असतील, तितक्या बिग ब्लाइंडची त्यात भर घालावी. आपल्याआधीच कोणी बोली वाढवली असेल, तर मोठी जोडी किंवा एक्का-राजा असताना सरळ ऑल-इन, अन्यथा पाने खाली. ‘एक फ्लॉप पाहू या’ म्हणून वाढलेली बोली भरणे, ही वीस बिग ब्लाइंडवाल्याची सर्वांत महागडी सवय होय. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले काही मिळण्याचे प्रमाण साधारण तिनांत एक एवढेच आहे.

दहाच्या खाली

पुंजी दहा बिग ब्लाइंडच्या आसपास आली, की तीन बिग ब्लाइंडपर्यंत बोली वाढवणेही बेहिशेबी ठरते. पुंजीचा तिसरा हिस्सा लावून मग पाने टाकायची, यात काही राम नाही. उरतात दोनच पर्याय : सारे लावणे किंवा काहीच न लावणे. येथे गणित सर्वाधिक कामाला येते.

समजा, ब्लाइंड १०० आणि २०० आहेत, खेळाडूपाशी २,००० आहेत, तो बटनवर आहे आणि त्याच्या आधीच्या सर्वांनी पाने टाकली आहेत. त्याने २,००० लावले. दोघाही ब्लाइंडवाल्यांनी पाने टाकली, तर त्याला ३०० मिळतात. त्याच्या पुंजीत एका फटक्यात पंधरा टक्क्यांची भर. आता असे धरू, की शंभरांत सत्तर वेळा दोघे माघार घेतात आणि तीस वेळा बिग ब्लाइंडवाला भरून भिडतो. भिडल्यावर आपली पाने कमजोर असल्याने शंभरांत पस्तीस वेळाच जिंकतात. भिडल्यावरचा पॉट ४,१०० चा. त्याचे पस्तीस टक्के १,४३५. म्हणजे भिडण्याच्या प्रत्येक प्रसंगी सरासरी ५६५ चा तोटा. सत्तर टक्के वेळा ३०० म्हणजे २१० ची जमा, तीस टक्के वेळा ५६५ म्हणजे सुमारे १७० चा खर्च. हाती राहिले चाळीस. तिनांत दोनदा हरणारी पानेही नफ्यात राहतात, ती समोरचे माघार घेतात म्हणून. समोरचा तीसऐवजी पन्नास वेळा भरू लागला, तर हाच व्यवहार १३० हून अधिक तोट्यात जातो. सीमारेषा पस्तीस टक्क्यांच्या जराशी अलीकडे आहे.

त्यामुळे पाने पाहण्याइतकेच माणसे पाहणेही आवश्यक ठरते. दिवाळीच्या बैठकीत, जेथे कोणीही पाने टाकायला तयार नसतो, तेथे कमजोर पानांवर ऑल-इन जाणे हे निव्वळ दान होय. तेथे मोठ्या पानांचीच वाट पाहावी.

भरणाऱ्याच्या बाजूने हिशेब वेगळा पडतो. वरच्याच उदाहरणात बिग ब्लाइंडवाल्याला आणखी १,८०० भरून ४,१०० च्या पॉटसाठी लढायचे आहे. त्याला किमान ४४ टक्के डाव जिंकावे लागतील. समोरच्याला घाबरवून पाने टाकायला लावण्याची संधी त्याच्यापाशी नाही. म्हणूनच जी पाने स्वतः लावण्यास पुरेशी आहेत, ती दुसऱ्याचे भरण्यास पुरेशी असतीलच असे नाही. नवख्यांचे पाऊल येथे हमखास चुकते. हाती एक्का-पंजी असली की ‘एक्का आहे ना’ म्हणून ते भरतात. समोर एक्का-राजा किंवा एक्का-राणी निघाली, तर चारांत एखादाच डाव वाचतो. याउलट दुर्रीची जोडी आणि एक्का-राजा यांची गाठ पडली, तर पारडे जवळजवळ समतोल राहून किंचित दुर्रीच्या बाजूला झुकते. एक्क्यांच्या जोडीपुढे राजांची जोडीही पाचांत साधारण एकदा जिंकते; हा एकदाचा प्रसंग आपल्यावर आला, म्हणून पद्धत चुकली असे नव्हे.

स्पर्धेत पुंजी आपोआप तोकडी होते

रोखीच्या टेबलावर थोड्या चिप्स घेऊन बसणे हा खेळाडूचा निर्णय असतो. स्पर्धेत तसे नाही. तेथे ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढतात, आणि सुरुवातीची भरघोस पुंजी दोन-तीन तासांत जागेवर बसल्या बसल्या तोकडी होते. हे मोजण्यासाठी बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू पॉल मॅग्रियल यांनी एक साधा भागाकार सुचवला आणि डॅन हॅरिंग्टन यांनी आपल्या पुस्तकांतून तो घरोघरी पोहोचवला. आपली पुंजी भागिले एका फेरीचा खर्च, म्हणजे दोन्ही ब्लाइंड आणि असल्यास ‘अँटी’. ब्लाइंड १०० व २०० असताना ३,००० ची पुंजी म्हणजे दहा फेऱ्या. वीस फेऱ्यांच्या वर मनाजोगते खेळता येते. दहाच्या खाली बोली वाढवून माघार घेण्याची चैन संपते. पाचांवर आले की सारे किंवा काहीच नाही.

या संदर्भात १९८२ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची कथा हटकून सांगितली जाते. जॅक स्ट्रॉस यांनी त्या वर्षी मुख्य स्पर्धा जिंकली. सारे हरलो असे समजून ते उठत होते, तोच एक चिप टेबलावर राहिल्याचे आढळले आणि त्या एका चिपवरून ते विजेतेपदापर्यंत पोहोचले, अशी ही आख्यायिका. ‘एक चिप आणि एक खुर्ची’ हा वाक्प्रचार पोकरच्या जगात तिच्यामुळेच रूढ झाला. कथा रंजक खरी, पण नवख्यांचे तिने नुकसानच केले आहे. दोन-तीन बिग ब्लाइंड उरेपर्यंत वाट पाहणाऱ्याच्या ऑल-इनला कोणीही भीत नाही. एवढे क्षुल्लक भरायला समोरचा कोणत्याही पानांवर तयार असतो. आठ-दहा बिग ब्लाइंड असताना दिलेली धमकी तीन असताना देता येत नाही. स्पर्धेत शेवटच्या चिपपर्यंत चिवटपणे बसून राहणे हे धैर्याचे लक्षण मानले जाते. हिशेबात ते बसत नाही.

अपवाद एक. बक्षिसाच्या यादीत येण्यास एक-दोन जण बाद होणे बाकी असेल, तर हरलेल्या चिप्सची किंमत जिंकलेल्या चिप्सपेक्षा अधिक असते. तेथे भरण्यासाठी पाने आणखी कडक निवडावीत. लावण्याचा अधिकार मात्र मोठ्या पुंजीवाल्यांनी गाजवू नये म्हणून आपणही सोडू नये.

खेळायचे कोठे?

न्हावा शेवा, उरण, पनवेल या पट्ट्यातील वाचकाला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने मनाई केली. त्यानंतर देशातील ऑनलाइन पोकरच्या संकेतस्थळांनी पैशांचे टेबल बंद केले. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट असली, तरी पोकर त्या व्याख्येत बसते की नाही, याबाबत देशातील न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला नशिबाचा खेळ ठरवले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी आणि पोकर यांना कौशल्याचे खेळ मानले. अशा परिस्थितीत फार्महाऊसवर टेबल मांडून प्रवेश फी घेणे म्हणजे पोलिसांच्या छाप्याला निमंत्रण. कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा महाराष्ट्राचा कायदा तर कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला.

त्यामुळे कायदेशीर टेबलासाठी पनवेलहून निघणारा मुंबई-गोवा महामार्ग धरून सुमारे पाचशे किलोमीटरवरचे पणजी गाठावे लागते. (वाटेत सावंतवाडी लागते, गोल गंजिफांचे पत्ते आजही तेथे हाताने रंगवले जातात.) गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील कॅसिनोंना वाट करून दिली. मांडवीतल्या जहाजांवर एकवीस वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही.

येथे थोड्या पुंजीच्या पद्धतीला खरा फटका बसतो, तो करामुळे. कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर पूर्वी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तो चिप्सच्या खरेदीवर लागतो; जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्यास नव्याने लागत नाही. ४,००० रुपयांच्या चिप्सवर हा कर खेळाडूकडून वेगळा घेतला गेला, तर १,६०० रुपये, म्हणजे आठ बिग ब्लाइंड, पहिले पान हाती येण्यापूर्वीच गेले. चारदा हरून चारदा नव्या चिप्स घेणाऱ्याला तो चारदा भरावा लागतो. पुंजी दुप्पट झाली, की उठून पैसे घ्यायचे आणि पुन्हा वीस बिग ब्लाइंड घेऊन बसायचे, ही पूर्वीच्या ऑनलाइन खेळाडूंची युक्तीही त्यामुळे उलटते. शिवाय प्रत्येक पॉटमधून टेबलाचा हिस्सा, ‘रेक’, कापला जातो. त्याला वरची मर्यादा असते. पण थोड्या पुंजीवाल्याचे पॉट लहान असल्याने ते त्या मर्यादेपर्यंत क्वचितच पोहोचतात आणि टक्केवारी पूर्ण बसते. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे, तो निराळा. त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही.

पाने कितीही काटेकोरपणे निवडली, तरी एवढी वजावट नियमित नफ्याने भरून काढणे नवख्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. थोड्या पुंजीची पद्धत एका बैठकीतील नुकसानीला कुंपण घालते. महिन्याच्या नुकसानीला ते घालत नाही. चिप्सना पैशाची किंमत न देता मित्रमंडळींत पन्नास-शंभर डाव खेळून ऑल-इनचे गणित अंगवळणी पाडणे त्याहून पुष्कळ स्वस्त पडते.

एवढे करूनही जहाजावर जायचेच असेल, तर खिडकीवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात : टेबलावर बसण्याची किमान रक्कम किती बिग ब्लाइंडची आहे, कर चिप्सच्या रकमेतून कापला जातो की वर द्यावा लागतो, रेक किती टक्के आणि कमाल किती, आणि जिंकून उठलेल्याला त्याच टेबलावर परतताना पूर्वीचीच पुंजी घेऊन बसावे लागते काय, व किती वेळेपर्यंत. शेवटचा नियम बहुतेक ठिकाणी असतो, आणि नवख्यांना तो सहसा परत येऊन बसल्यावरच कळतो.